हद्दवाढ भागातला महापौर झाला तर आमची कामं होतील का?

लगेच होतील असं मानू नका. सोलापुरात टेंडर, बिलं, कर्मचाऱ्यांच्या बदल्या हे बहुतेक सगळं आयुक्तांच्या हातात असतं. महापौर नगरसेवकांमधूनच अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि सर्वसाधारण सभा चालवतो. समसमान मतं पडली तर त्याचं निर्णायक मत. कागदावर एवढंच.

पण तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. १९९२च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, केगाव, मजरेवाडी ही गावं शहरात आली. घरपट्टी शहराची सुरू झाली, ड्रेनेज आणि रस्ते मात्र मागेच राहिले. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, तेही रोज नाही. आज पाणी येणार म्हणून कामावर खाडा करून घरी बसलेली बाई ज्या महापौराने जवळून पाहिली आहे, तो बजेटच्या सभेत तो विषय सहज सोडणार नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

पदाला वजन माणसामुळेही येतं. ६ एप्रिल १९३० रोजी इंग्रजांचं राज्य असताना सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला, तेव्हा माणिकचंद शहा नगराध्यक्ष होते. तो निर्णय काही नियमावलीतून आला नव्हता.

तुमच्यासाठी एकच सांगतो: बजेटच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज झोन ऑफिसला द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत नगरसेवक व महापौर दोघांनाही द्या. तोंडी सांगितलेलं काम सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही.