शटर पडल्यावर मीटर वाच

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या सुपरमार्केटची विजेची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. मालक आता नव्या एसीची, सौर पॅनेलची कोटेशनं मागवायला सांगतील. जरूर मागव, पण आधी पंधरा दिवस मीटर वाच. शटर पडताना एक रीडिंग, सकाळी उघडण्याआधी दुसरं. बिलात महिन्याची बेरीज असते, बंद दुकान किती वीज खातं ते त्यात दिसत नाही. रात्री १० ते सकाळी ९ नुसता २ किलोवॅटचा भार राहिला तरी २२ युनिट, म्हणजे महिन्याला ६६०. फ्रीझरला रात्रीही वीज लागणारच. ती वजा करून उरलेलं वायरमनला घेऊन एकेक एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या-त्या लाइनचा स्विच, पाडून शोध. पाटीचे दिवे, गोडाऊनचे पंखे, असलंच काहीतरी सापडेल.

मग गच्चीवर जा. मांडवीच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा एसीच्या आउटडोर युनिटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या खातो. पांढरी भुकटी धरली की उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि कंप्रेसर जास्त वेळ चालतो. घाटावरचं सर्व्हिसिंगचं वेळापत्रक आपल्या किनाऱ्यावर पुरत नाही. दर महिन्याला मेन स्विच बंद करून, गोड्या पाण्याने, हलक्या दाबाने धुऊन घे.

पावसाळ्यात ‘बाहेर गारवा आहे, एसी कशाला’ म्हणत दारं सताड उघडी ठेवतात. मला हे मुळीच पटत नाही. ती दमट हवा फ्रीझरमध्ये शिरून बर्फ होऊन बसते. बर्फाचा थर वाढला की थंडी मालापर्यंत पोचत नाही, मोटार मात्र घरघरत राहते. पापड सर्दावतात ते वेगळंच. दार लोटून घ्यायला लाव आणि एसी ‘ड्राय’वर, म्हणजे हवेतला दमटपणा काढणाऱ्या सेटिंगवर ठेव. उन्हाळ्यात २४ च्या खाली नको. तापमान एका अंशाने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारची ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. फ्रीझरच्या रबरात कागद धरून दार लाव. कागद सहज ओढला गेला तर रबर बदल.

मीटरच्या रीडिंगची वही तुझ्याकडे ठेवू नकोस, रात्री शटर ओढणाऱ्या मुलाकडे दे. आकडा त्याच्या हाताने लिहिला गेला की चालू राहिलेला दिवा तोच आधी बंद करेल. गणपतीत दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, ते दिवस वेगळे लिहायला सांग. पंधरा दिवसांचे आकडे मला पाठव, मग पॅनेल किती किलोवॅटचं घ्यायचं ते बोलू.

तुझा,
काका