मुलगा दुसरीत आहे, वाचायचा कंटाळा करतो. गोष्टीच्या पुस्तकांवर लेव्हल १, २, ३ लिहिलेलं असतं, त्यातलं कोणतं घेऊ?

लेव्हलचा अन इयत्तेचा काही संबंध नसतो, पहिले तर हे डोक्यातून काढा. मी हीच चूक करून बसली आहे म्हणून सांगते. आमची पोरगी तिसरीत गेली तेव्हा नागपूरहून मोठ्या हौसेनं लेव्हल ३ ची पाच पुस्तकं आणली, तिसरी म्हणून तीन, एवढं सोपं गणित केलं मी! तिनं चित्रं पाहिली, दोन पानं ओढत ओढत वाचली अन मग ती पुस्तकं कपाटात गेली ती गेलीच.

तुम्ही म्हणता ते बहुतेक प्रथम बुक्स या प्रकाशनाचे लेव्हल असतील. त्यांचा हिशोब असा आहे, लेव्हल १ म्हणजे २५० च्या आत शब्द, सोपे अन परत परत येणारे, लेव्हल २ म्हणजे ६०० पर्यंत, ३ म्हणजे १५०० पर्यंत अन ४ म्हणजे त्याच्याही वर. आता १५०० शब्द दुसरी-तिसरीतल्या लेकरासाठी थोडे नाहीत हो, मोठ्या माणसाचाही घसा सुकते.

दुसरं म्हणजे शब्द मोजून मराठीचं काम भागत नाही. यातली बरीच पुस्तकं दुसऱ्या भाषांतून मराठीत आलेली असतात, तिकडे जे वाक्य सोपं ते आपल्याकडे सोपं असेलच असं नाही. आपल्याकडे लेकरू अडते ते जोडाक्षरावर. अन गोष्ट म्हटली की "म्हणाला" आलंच, "त्याच्या" आलं, "दुसऱ्या" आलं, म्हणजे पहिल्याच पानावर गाडी फसली. म्हणून घ्यायच्या आधी पुस्तक उघडून मधलं एक पान पहा, जोडाक्षरांची गर्दी असेल तर वर लेव्हल १ लिहिलेलं असलं तरी सध्या ठेवून द्या. ते पाच बोटांचं सांगतात ना, एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड, ते मोठ्या पोरांसाठी ठीक आहे, लेव्हल १ च्या पानावर शब्दच सहा-सात असतात तिथं पाच बोटं कुठं मोजता? तिथं दोन अडले तरी पुष्कळ झाले.

अन आपल्या विदर्भाची एक वेगळीच भानगड. आमच्या पोरीनं "कोथिंबीर" बरोब्बर वाचलं, क-ला काना, वर मात्रा, सगळं सांगितलं, अन मग विचारते, "आई, हे काय होय वं?" घरात आम्ही सांबार म्हणतो ना! बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली, शेताला वावर. म्हणजे तिला वाचता येत होतं पण वाचून डोळ्यापुढं काहीच येत नव्हतं, मग कंटाळा नाही येणार तर काय येणार. मी आता हसून सांगून टाकते की सांबारच होय ते, पुस्तकातलं नाव कोथिंबीर आहे. तुमचं लेकरू कुठं थांबते ते पहा, अक्षरावर थांबते का अर्थावर, दोन्हीचं औषध वेगळं आहे. अक्षरावर थांबत असेल तर पुस्तक सोपं करा, अर्थावर थांबत असेल तर पुस्तक तेच ठेवा, फक्त जवळ बसून बोला.

त्याला नेमकं किती येते ते पाहायचं असेल तर असरवाले, म्हणजे गावोगावी लेकरांचं वाचन तपासणारे सर्वेवाले, ज्या पायऱ्यांवर तपासतात त्या घरीच करून पहा. आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या तोडीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या तोडीची छोटी गोष्ट. जिथं अडला तिथली पायरी त्याची. फक्त शाळेच्या पुस्तकातला धडा देऊ नका, ते पाठ असते लेकरांना, आमचीचं बोट तिसऱ्या ओळीवर अन तोंड पाचव्या ओळीवर असायचं. सरकारच्या निपुण भारत या वाचन-लेखनाच्या मोहिमेत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं ठरवलेलं आहे, पण कृपा करून मोबाईलवर टायमर लावून समोर बसू नका, असलेली आवडही पळून जाईल.

आमच्याकडे खरा फरक पडला तो सासूबाईंमुळे. त्यांना वाचता येत नाही. पोरगी त्यांना वाचून दाखवते, चुकलं तरी त्या टोकत नाहीत कारण त्यांना कळतच नाही, त्यांचं एकच, "मंग? पुढं काय झालं?" मी बाजूला बसली की दर शब्दाला सुधारायची, माझ्यापुढं ती वाचायचीच नाही. घरात आजी-आजोबा असतील तर हे करून पहा, फुकटचं आहे.

पुस्तकं विकतच घेतली पाहिजेत असंही नाही. स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सचीच साईट आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथं मराठीत लेव्हल निवडून फुकट वाचता येते, डाऊनलोड करून ठेवा म्हणजे रेंज नसली तरी चालते. तुमच्याकडे गोंडी बोलत असतील तर गोंडीतल्या गोष्टीही आहेत. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंकसुद्धा नेटवर आहेत, पण ते सध्या तुम्ही वाचा अन त्याने ऐकावं. ऐकायला अवघड गोष्ट चालते, स्वतः वाचायला सोपीच लागते, हे दोन वेगळे ठेवा.

तर दुसरीतल्या तुमच्या मुलाला मी तरी लेव्हल १ चीच आठ-दहा पुस्तकं देईन, २ ची दोन जवळ ठेवीन, अन कोणतं उचलायचं ते त्याला ठरवू देईन. तेच तेच वाचत असेल तर वाचू द्या. आमच्याकडे सध्या कापूस वेचणी चालू आहे, संध्याकाळी अंगात जीव राहत नाही, तरी रोज एका म्हशीची गोष्ट ऐकावीच लागते, महिना झाला, तीच म्हैस.