तेरा वर्षांची वाट आणि मागे राहिलेले जंगल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. डिसेंबर 2009 मध्ये मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होतो, तेव्हा ‘अवतार’ हा चित्रपट थ्रीडी चष्मा लावून पाहिला. सुट्टीत गावी आल्यावर रात्री शेकोटीजवळ मी त्याची कथा मित्रांना इतक्या वेळा सांगितली की, चित्रपट न पाहताच तो त्यांना पाठ झाला. पुढचा भाग येणार आहे, असेही मीच वर्षानुवर्षे सांगत राहिलो. अखेर डिसेंबर 2022 मध्ये धान चुरून झाल्यावर आम्ही नऊ जण गाडी ठरवून नागपूरला गेलो. परतीच्या वाटेवर गाडीत दोन तट पडले. तिघांना त्यातला समुद्र फार आवडला, बाकीचे नाराज होते, आणि त्यांच्यातला एक म्हणाला, “तेरा वर्सं थांबलो ते यासाठी का?” पुढे तिसरा भाग आला तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही यायला तयार झाले नाही. मी फार वाढवून सांगितले म्हणून त्यांची निराशा झाली, की एवढ्या उशिराने येणाऱ्या चित्रपटाचे असेच होते?
— एक वाचक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आपण स्वतःला दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते. मात्र मित्रांची नाराजी ‘अपेक्षा फार होत्या’ एवढ्या एका वाक्यात गुंडाळूनही ठेवू नये.

आधी उशिराचा हिशेब करू. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी 2010 मध्ये पुढच्या भागांची घोषणा केली, तेव्हा दुसरा भाग डिसेंबर 2014 मध्ये यायचा होता. ती तारीख वारंवार पुढे गेली. एकामागून एक अनेक भागांच्या पटकथा आधी लिहून घ्यायच्या ठरल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे चित्रीकरण 2017 मध्ये एकत्रच सुरू झाले, आणि शेवटचे वर्ष कोरोनाने घेतले. तिसरा भाग डिसेंबर 2025 मध्ये, म्हणजे तीनच वर्षांत येऊ शकला, तो या एकत्र चित्रीकरणामुळे. सर्वांत अवघड होते ते पाणी. मोशन कॅप्चरच्या पद्धतीत नटांच्या अंगावर लावलेल्या खुणा अनेक कॅमेरे टिपतात आणि त्यांवरून संगणक पात्राची हालचाल घडवतो. पण पाण्याचा पृष्ठभाग हलत्या आरशासारखा असल्यामुळे त्या खुणांची खोटी प्रतिबिंबे दिसू लागतात. त्यासाठी प्रचंड टाकीतल्या पाण्यावर लहान लहान चेंडू पसरून वरचा प्रकाश अडवावा लागला. पाठीवर हवेचे सिलिंडर घेतले तर बुडबुड्यांमुळे गोंधळ होतो, म्हणून नटांना श्वास रोखून काम करायला शिकावे लागले आणि केट विन्स्लेट या अभिनेत्रीने तर सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखला. आपल्या तिघा मित्रांना जो समुद्र आवडला, तो या मेहनतीतून उभा राहिला आहे, आणि माझ्या मते त्या चित्रपटातले ते सर्वांत सुंदर काम आहे.

तथापि, उशिराचे कारण खरे आहे म्हणून चित्रपट आवडलाच पाहिजे, असे कोणावरही बंधन नाही. तसेच निराशेचे खापर नेहमी उशिरावरच फोडता येते, असेही नाही. ‘ब्लेड रनर’ 1982 मध्ये आला आणि त्याचा पुढचा भाग 2017 मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तिकीट खिडकीवर त्याला फारसे यश मिळाले नाही, तरी जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी तो मनापासून स्वीकारला. कारण माणसाने घडवलेल्या कृत्रिम माणसाला माणूस म्हणायचे की नाही, या मूळच्या प्रश्नाकडेच तो परत गेला होता.

मला वाटते, आपल्या मित्रांच्या नाराजीचे मूळ इथेच आहे. दुसरा भाग येण्यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले की, ‘अवतार’ने पैसा अमाप मिळवला, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही, त्यातल्या पात्रांची नावेसुद्धा लोकांना सांगता येत नाहीत. दुसऱ्या भागाने जगभर 2.3 अब्ज डॉलरपेक्षा अधिक कमाई केल्यावर ते बोलणे थांबले. नावे न आठवणे ही विस्मृतीची खूण नव्हेच. आपण शेकोटीजवळ जी कथा सांगितली, तिच्यात जमिनीखालच्या खनिजासाठी एक अवाढव्य झाड पाडले जाते आणि त्या झाडात राहणारे लोक उघड्यावर येतात. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या, बांबूवर जगणाऱ्या, सुरजागडच्या लोहखनिजावरून झालेले वाद ऐकलेल्या जिल्ह्यात ही कथा सांगायला काही वाढवावे लागत नाही. पहिला भाग ज्या 2009 साली आला, त्याच साली आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. आपल्या श्रोत्यांच्या मनात ते झाड कोणत्या जंगलात उभे राहिले असेल, हे मी आपल्याला सांगायला नको.

आणि दुसऱ्या भागात काय घडते? ज्याने पहिल्या भागात सगळ्या जमातीला उभे केले, तो नायक कुटुंबाच्या जिवासाठी नेतृत्व दुसऱ्याच्या हाती देतो, जंगल सोडतो आणि समुद्रकाठच्या लोकांकडे आश्रयाला जातो. मेलेला खलनायक नव्या शरीरात परत येतो आणि वैर व्यक्तिगत होते. कथेची ही बाजू मलाही दुबळी वाटली. जंगलाचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी आपले मित्र तेरा वर्षे थांबले होते, आणि त्यांना समुद्र दाखवला गेला. डिसेंबरात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत बसून पाहणारे प्रेक्षक 192 मिनिटांच्या लांबीला कंटाळले, हे मला पटत नाही. त्यांनी तेरा वर्षे बोलून दाखवली; सल मात्र जंगल मागे पडल्याचा असावा.

म्हणून तिसऱ्या भागासाठी त्यांना आग्रह करू नका. शेकोटीजवळ पुन्हा बसाल तेव्हा या वेळी कथा आपण सांगू नका. नायक निघून गेल्यावर जंगलात जे मागे राहिले, त्यांनी काय केले असेल, हे त्यांनाच विचारा. आणि समुद्र आवडलेल्या त्या तिघांनाही शेवटपर्यंत बोलू द्या.