जुन्या बेल्टवाल्या रेकॉर्ड प्लेअरला बाहेरचे पार्ट टाकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की प्लेअर जपानी आहे, मागे 100 व्होल्टची पट्टी आहे, दारव्ह्याजवळच्या गावी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. गाणं संथ वाजतं, मध्येच लहरतं, आणि खाली बारीक घूंऽऽ ऐकू येते. म्हणून नवं कार्ट्रिज (सुई बसते ती छोटी डबी) घेऊ का, असं विचारलंय.

कार्ट्रिज शेवटी घ्या भाऊ, पहिले वेग तपासा. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, रेकॉर्डवर सुई ठेवा आणि शंभर फेरे मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगावर बरोबर 3 मिनिटं लागली पाहिजेत. 3 मिनिटं 36 सेकंदांच्या आसपास लागली तर दोष बेल्टचा नाही. जपानात तोक्योकडे 50 हर्ट्झ आणि ओसाकाकडे 60 हर्ट्झ वीज असते, आणि तुमच्या मोटरवर 60 ची पुली (बेल्ट फिरवणारी चकती) बसलेली आहे. एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो आणि आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून गाणं संथ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्याच मॉडेलची 50 हर्ट्झची पुली शोधा, नाहीतर चांगल्या खरादवाल्याकडून पितळेची करून घ्या. व्यास साधारण 1.2 पट हवा. भोक जरा जरी मध्याबाहेर गेलं तरी सूर थरथरतो, त्यामुळे घाईत काम उरकणाऱ्याकडे जाऊ नका. मोटर डीसी असेल तर ही भानगडच नाही, वेगाचा स्क्रू फिरवला की झालं.

लोडशेडिंगमध्ये घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी मोटर त्यावर गुणगुणते आणि तापते. त्यावर लावूच नका.

आता बेल्ट. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात जुनं रबर सैल तरी पडतं, नाहीतर डांबरासारखं चिकट होतं. जुन्या बेल्टवरून माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. बेल्ट जिथून फिरतो त्या मार्गावर, पुलीसकट, न ताणणारा दोरा गुंडाळून मोजा आणि साधारण 5 टक्के कमी घेराचा चपटा बेल्ट मागवा. दोरा 600 मिमी भरला तर 570 चा. त्याहून घट्ट घेतला तर मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या कडीवर) ताण येऊन घरघर वाढते. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावणारे आहेत, पण तिची जाडी सारखी नसते. लहरणं जायचं नाही.

थाळी काढलीच आहे तर पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थाळीच्या मधल्या दांड्याखालचं वाळलेलं तेल काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका. खोबरेल नको, ते गोठतं. खाली बारीक छर्रा असू शकतो, तो हरवू नका.

घूं बहुतेक अर्थिंगची असते. प्लेअरची सुटी बारीक वायर फोनो प्रीॲम्पच्या (कार्ट्रिजचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डब्याच्या) जीएनडी, म्हणजे ग्राउंडच्या, स्क्रूला आवळा. तरीही आवाज राहिला तर टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या हाताच्या) वायरी पाहा.

एवढं झालं की कार्ट्रिज. अर्ध्या इंचाचं माउंट, म्हणजे भोकांमध्ये 12.7 मिमी अंतर असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई मी निवडेन. पांढरी वायर डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. पिनांना सोल्डरचा डाग देऊ नका, आतली तार सुटते, क्लिपाच वापरा. सुईवरचं वजन 2 ग्रॅम, अँटीस्केटही (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनची सेटिंग) 2 वर. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागद) छापताना 100 टक्क्यांवर छापा आणि पट्टीने पडताळा. आउटपुट फक्त 4 मिलिव्होल्ट आहे; फोनो प्रीॲम्प न लावता ॲम्पच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) घातलं तर आवाज मुंगीएवढा येईल.

थाळीवरच्या महागड्या मॅटवर पैसे घालवू नका. जाड मॅटने आर्मची उंचीही बिघडते.

घरी आजोबांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे) लाखेच्या रेकॉर्डी असतील तर त्यांवर ही सुई टेकवू नका. त्याच कार्ट्रिजवर 78 ची एसपी सुई बसते, वजन 5 ग्रॅम. मात्र प्लेअरला 78 चा वेग हवा. आणि त्या रेकॉर्डी अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते.