वाचकांचे प्रश्न : काळा दगड गॅडोलिनाइटच आहे का?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत काचेसारखा चमकणारा काळा दगड निघाला. चिठ्ठीवर ‘गॅडोलिनाइट, स्वीडन’ असं लिहिलंय. खरा की खोटा हे घरी कसं ओळखायचं? त्यातून यट्रियम हा धातू निघेल का? आणि असा दगड गुजरातमधल्या आंबाडुंगरला मिळतो का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी एक कळकळीची सूचना. दगड फोडू नका, घासू नका, तापवू नका. गॅडोलिनाइट हे यट्रियम, लोह आणि बेरिलियमचं सिलिकेट आहे. रासायनिक सूत्राप्रमाणे त्यात बेरिलियम ऑक्साइड 10 टक्क्यांहून थोडं जास्तच भरतं, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. थोरियम-युरेनियममुळे तो किंचित किरणोत्सारीही असतो. झाकणाच्या डबीत ठेवा, हाताळल्यावर हात धुवा.

ओळखायला घनता पुरते. दगड आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा. बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, टेकला की आकडा फुगतो. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. समजा कोरडं वजन 61.2 आणि पाण्यातला आकडा 14.4 आला, तर घनता 4.25. गॅडोलिनाइटची 4 ते 4.7 असते. काळा टुर्मलीन 3.2च्या आसपास राहतो, ज्वालामुखीची काच 2.4. मॅग्नेटाइट 5.2 भरतो, पण त्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो. ॲलनाइट हे दुसरं काळं खनिज मात्र फसवतं, त्याची घनता 4.2पर्यंत जाते.

चूक होते ती बहुधा काट्यामुळे. खडा 10 ग्रॅमचा आणि काटा 1 ग्रॅमचा असेल, तर पाण्यातला आकडा 2.35 ऐवजी 2 दिसतो आणि घनता 5 निघते. सराफाकडचा 0.01 ग्रॅमचा काटा मिळाला तर उत्तम. दगडाला चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा, नाहीतर घनता कमी येते. शेवटी पातळ कडेमागे टॉर्च धरा. गवती हिरवी झाक दिसली तर चिठ्ठीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पक्कं करायचं तर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवा.

स्वीडन म्हणजे बहुधा स्टॉकहोमजवळची इटर्बीची खाण. तिथे 1787 साली लष्करी अधिकारी अर्‍हेनियस यांना असाच काळा दगड मिळाला. 1794मध्ये रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांनी त्यात नवी ‘माती’ (म्हणजे अनोळखी धातूचं ऑक्साइड) असल्याचं दाखवलं. यट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम या मूलद्रव्यांची चारही नावं त्या एका गावाची!

यट्रियम काढण्याचा विचार सोडा. सूत्रात यट्रियम ऑक्साइड 48 टक्के दिसतं खरं, पण आम्लात विरघळवताना सिलिकाचा चिकट लगदा होऊन गाळणी तुंबते. तो आटवून कोरडा करावा लागतो. मग ऑक्झॅलिक आम्लाने दुर्मिळ मृदांचा (यट्रियम आणि त्याच्यासारख्या धातूंचा) साका पाडून भाजायचा. सगळं विषारी बेरिलियम उरलेल्या पाण्यात राहतं, आणि ते मोरीत ओतता येत नाही.

आंबाडुंगरचा खडक कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांचा अग्निज खडक आहे. तिथल्या दुर्मिळ मृदा मुख्यतः बास्टनेसाइटसारख्या कार्बोनेट खनिजांत असतात. गॅडोलिनाइट ग्रॅनाइटी पेग्मटाइटात (मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या खडकात) वाढतो, त्यामुळे तो तिथे शोधत बसू नका.