ठिबक सिंचनामुळे फळबागेतील सेंद्रिय कर्ब कमी होतो का?

मोकाट पाणी बंद करून ठिबक बसवल्यानंतर काही वर्षांनी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (म्हणजे पालापाचोळा, मुळे यांपासून जमिनीत साठलेला कार्बन) घटलेला दिसला, तर तो दोष ठिबकचा मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, तसे मानण्यापूर्वी मातीचा नमुना बागेत नेमका कोठून घेतला होता, हे पाहणे आवश्यक आहे.

पाण्यामुळे झाड वाढते, पांढरी मुळे फुटतात, पालापाचोळा पडतो आणि त्यातून जमिनीला कर्ब मिळतो. परंतु त्याच ओलाव्यावर जिवाणूही जगतात आणि तो कर्ब कुजवून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. जमिनीतील सुमारे 60 टक्के पोकळ्या पाण्याने भरलेल्या असताना, म्हणजे साधारण वाफशाच्या स्थितीत, हे कुजणे सर्वांत वेगाने होते. जमीन कोरडी असली तर ओलाव्याअभावी आणि चिबड, म्हणजे पाणी साचून राहिलेली, असली तर प्राणवायूअभावी ते मंदावते.

मोकाट पाण्यात जमीन पूर्ण भिजते आणि पुन्हा वाळते. वाळलेली माती भिजताच जिवाणूंची क्रिया एकदम उसळते, हे बर्च या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात दाखवले होते. ठिबकमध्ये हे चढउतार कमी होतात. मात्र मुळे ड्रिपरखालच्या ओल्या पट्ट्यात दाटतात आणि दोन ओळींमधल्या कोरड्या जागेत पावसाळा सोडला तर गवतही उगवत नाही, त्यामुळे त्या काळात तेथे जमिनीला मिळणारा कर्ब जवळजवळ थांबतो. पाणी रोज आणि थोडे थोडे दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात व खोल थराला मिळणारा कर्बही घटतो. या शेवटच्या बाबीकडे फारच कमी लक्ष दिले जाते, याची मला खंत वाटते.

म्हणून ड्रिपरखालचा आणि ओळींमधला नमुना वेगळा घ्यावा, 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटीमीटर हे थरही वेगळे ठेवावेत आणि मातीची घनताही मोजावी. घनता 1.3 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आणि सेंद्रिय कर्ब 1 टक्का असेल, तर वरच्या 30 सेंटीमीटरमध्ये हेक्टरी 39 टन कर्ब असतो, घनता 1.5 असेल, तर त्याच टक्केवारीला तो 45 टन भरतो. निव्वळ टक्केवारीची तुलना त्यामुळे फसवी ठरते. चुनखडीच्या जमिनीत एकूण कर्बाचा आकडा सेंद्रिय कर्ब म्हणून वाचू नये, कारण चुनखडीतला कर्ब असेंद्रिय असतो.

दोन्ही नमुन्यांत घट दिसली, तरीही ठिबक काढू नये. छाटणीच्या काड्या जाळण्याऐवजी बारीक करून ओल्या पट्ट्यावर आच्छादन म्हणून पसराव्यात, ओळींमध्ये पावसाच्या ओलीवर येणारे गवत नांगरून न टाकता कापून तेथेच पडू द्यावे, आणि जमिनीचा प्रकार व झाडाची गरज पाहून पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर थोडे वाढवून प्रत्येक पाळीला पाणी अधिक खोल जाऊ द्यावे.