जुना गॅस, नवा दर: थकबाकी भरायची किती?

प्रश्न: पिंपरीत आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. घर दिवसभर बंद असल्यानं तीन बिलं अंदाजे आली, प्रत्येकी 20 एससीएमची (म्हणजे प्रमाण घनमीटर), 46 रुपये दरानं. आता प्रत्यक्ष रीडिंग घेऊन उरलेल्या 72 एससीएमना 50 रुपयांचा नवा दर लावलाय. करासह 3,708 रुपये. दर वाढून महिनाच झालाय. भरलं नाही तर जोडणी तोडू म्हणतात.

उत्तर: दर का वाढला यावर भांडत बसू नका. घरगुती पाइप गॅसचा दर कंपनी ठरवते, नियामक मंडळ नाही. अंदाजे बिलालाही करारात बहुधा मुभा असते. पण दरवाढीपूर्वी जळलेल्या गॅसला नवा दर? तिथं तुमची बाजू भक्कम आहे.

आधी मीटर पाहा. काळे आकडे पूर्ण घनमीटर, लाल आकडे दशांश. रीडिंग घेणाऱ्यानं एक लाल आकडा जरी सोबत उतरवला तरी रीडिंग दसपट दिसतं. फोटो काढून ठेवा.

रीडिंग बरोबर निघालं तर हिशेब दिवसांवर मांडा. शेवटच्या प्रत्यक्ष रीडिंगपासून समजा 184 दिवस झाले. त्यांत एकूण 132 एससीएम जळले. नव्या दराचे दिवस 30, म्हणजे त्या दराचे एससीएम साधारण 21.5. कंपनीनं लावले 72. जादा 50.5 वर चार रुपये, शिवाय 3 टक्के व्हॅट: 208 रुपये. देय उरतात 3,500. दिवस तुमच्या बिलांवरून तपासून घ्या.

हे 3,500 मुदतीत भरा, अख्खं बिल अडवू नका. तोडणीचं आयतं कारण त्यातूनच मिळतं. भरताना ईमेल करा: ‘हक्क अबाधित ठेवून निर्विवाद रक्कम भरली आहे. फरकाला नवा दर कोणत्या कलमान्वये लावला, ते कळवा.’ तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा.

नुसत्या 208 रुपयांसाठी ग्राहक आयोगाची पायरी चढा असं मी म्हणणार नाही. तोडणीची लेखी नोटीस आली तर मात्र थांबू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या ‘सेवा’ व्याख्येत ऊर्जापुरवठा येतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, सेवेसाठी मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीसोबतच कलम 38(8) खाली तोडणीला अंतरिम स्थगिती मागा.